हायपो की सिलेक्टर टाकी?
कळंगुट-बागा पट्ट्यात डिसेंबरात हॉटेलं फुल झाली की एसटीपीवाल्यांचं (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प चालवणाऱ्यांचं) ठरलेलं रडगाणं, मोजायच्या सिलिंडरात अर्धा तास झाला तरी स्लज (बॅक्टेरियांचा गाळ) खाली बसत नाही, एसव्हीआय (बसल्यावर एक ग्रॅम स्लज किती मिली जागा घेतो तो आकडा) 150 च्या वर. मग बसलेला स्लज एअरेशनच्या (हवा सोडायच्या) टाकीत परत नेणाऱ्या रिटर्न लाइनमध्ये हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, क्लोरीनचं द्रावण) सोडतात, आणि फरक पडतोही लवकर, कारण तंतू (धाग्यासारखे वाढणारे बॅक्टेरिया, यांच्यामुळेच स्लज बसत नाही) फ्लॉकच्या (बॅक्टेरियांच्या गुठळीच्या) बाहेर आलेले असतात म्हणून आधी तेच मरतात. पण टाकीतल्या दर हजार किलो स्लजमागे (कोरडं वजन) दिवसाला 2-3 किलो क्लोरीनपासूनच सुरू करा, अति झालं की पाणी दुधाळ आणि नायट्रिफिकेशन (बॅक्टेरियांनी अमोनियाचं नायट्रेट करणं) झोपलंच म्हणून समजा.

सिलेक्टर म्हणजे एअरेशनच्या आधीची छोटी टाकी, तिथे फ्लॉकवाले बॅक्टेरिया अन्न आधी ओढतात, तंतू उपाशी. जागा लागते (किनाऱ्यावर कुठली मिळायला), तरी मी हेच निवडेन. फक्त डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) कमी पडल्याने तंतू वाढले असतील तर आधी हवा सोडणारे ब्लोअर बघा.