केंब्रिजच्या नमुना प्रश्नपत्रिका आणि मराठी माध्यमाची मुले : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

खानापूर तालुक्यातील एका गावच्या अभ्यासिकेत मी संध्याकाळी नववी-दहावीच्या मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवतो. ही मुले दहावीनंतर बेळगावच्या महाविद्यालयांत पी.यू.सी.ला (कर्नाटकातील अकरावी-बारावी) प्रवेश घेतात. विज्ञान शाखा निवडली की भौतिकशास्त्रापासून जीवशास्त्रापर्यंत सारे काही एकदम इंग्रजीतून समोर येते, आणि दहावीला इंग्रजीत चांगले गुण मिळवलेली मुलेही पहिल्या काही महिन्यांत खचतात. त्यांना इंग्रजी वाचून नेमके किती कळते हे दहावीपूर्वीच समजावे, या हेतूने मी गेल्या जूनपासून केंब्रिजच्या ‘ए २ की’ आणि ‘बी १ प्रिलिमिनरी’ या इंग्रजी भाषेच्या दोन परीक्षांच्या शालेय आवृत्तीतील नमुना प्रश्नपत्रिका वापरत आहे. त्या केंब्रिजच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. मुलांना प्रत्यक्ष परीक्षेला बसवण्याचा माझा उद्देश नव्हता, त्यामुळे हा अनुभव फक्त वाचनाच्या विभागाचा आणि त्यात मिसळलेल्या व्याकरणाचा आहे.

कौन्सिल ऑफ युरोपने 2001 साली प्रसिद्ध केलेल्या भाषाक्षमतेच्या चौकटीत ए १ पासून सी २ पर्यंत सहा पातळ्या आहेत. त्यांतील दुसरी आणि तिसरी पातळी या दोन परीक्षा तपासतात. बी १ च्या वाचनासाठी 45 मिनिटे, सहा भाग आणि 32 प्रश्न असतात. पहिल्या चार भागांत सूचना, निरोप, जाहिराती आणि लांब उतारे यांवरचे 20 प्रश्न आकलनाचे असतात. पाचव्या भागातील सहा गाळलेल्या जागांना चार-चार पर्याय दिलेले असून तो भाग मुख्यतः शब्दसंपत्तीचा आहे, तर सहाव्या भागातील सहा जागांना पर्यायच नसतात आणि प्रत्येक ठिकाणी स्वतः एकच शब्द लिहायचा असतो. सरावाच्या प्रश्नपत्रिकेत 32 पैकी 23 गुण म्हणजे बी १ पातळी आणि 13 गुण म्हणजे ए २ पातळी, असे केंब्रिजचे कोष्टक सांगते. मी मात्र एकूण गुण नोंदवणे लवकरच थांबवले आणि प्रत्येक मुलापुढे तीन वेगळे आकडे लिहू लागलो : 20 पैकी, 6 पैकी आणि पुन्हा 6 पैकी. या प्रश्नपत्रिकांचा खरा उपयोग तेव्हापासून सुरू झाला, कारण सारखे एकूण गुण असलेल्या दोन मुलांची अडचण किती भिन्न असू शकते हे त्या तीन आकड्यांतून स्पष्ट दिसते.

सर्वांत जास्त शिकायला मिळाले ते आकलनाच्या चुकीच्या पर्यायांतून. आमच्या मुलांना पाठ्यपुस्तकातील प्रश्नोत्तरांची सवय आहे. प्रश्नातला ठळक शब्द धड्यात शोधायचा, तो ज्या वाक्यात सापडेल ते वाक्य उतरवून काढायचे, ही पद्धत त्यांच्या हाती इतकी बसली आहे की अर्थाकडे न पाहताही उत्तर बरोबर येते. केंब्रिजच्या प्रश्नांची रचना नेमकी याच सवयीला अडवते. समजा, सूचनेत म्हटले आहे की ग्रंथालय सोमवारी बंद असते आणि त्या दिवशी पुस्तके दाराजवळच्या पेटीत टाकावीत (हे उदाहरण मी वर्गासाठी तयार केलेले आहे). एक पर्याय म्हणतो, ‘सोमवारी पुस्तके परत करता येत नाहीत’, आणि दुसरा म्हणतो, ‘कर्मचारी नसतानाही घेतलेले वाचनसाहित्य जमा करता येते’. बहुसंख्य मुले पहिला पर्याय निवडतात, कारण त्यात ‘सोमवार’ आणि ‘पुस्तके’ हे ओळखीचे शब्द आहेत; बरोबर पर्यायात मूळ सूचनेतला शब्द जवळजवळ नाहीच. दुसऱ्या भागात पाच व्यक्तींसाठी आठ मजकुरांतून निवड करायची असते आणि चौथ्या भागात पाच जागांसाठी आठ वाक्ये दिलेली असतात. त्यामुळे उरलेले उत्तर शेवटच्या जागेत आपोआप बसत नाही, प्रत्येक निवड वाचूनच करावी लागते.

ही शब्दजुळणी इंग्रजी कच्चे असल्यामुळे होते की वाचनच तसे होते, हा प्रश्न मला सतावू लागला. म्हणून मी मलप्रभा नदीवर एक मराठी उतारा लिहिला. आपल्याच तालुक्यातील कणकुंबीला उगम पावून ती पूर्वेकडे कूडलसंगमला कृष्णेला कशी मिळते, असा त्याचा साधा विषय होता, आणि त्यावर मी त्याच धर्तीचे पर्यायी प्रश्न काढले. मातृभाषेतल्या त्या उताऱ्यावरही वर्गातील बऱ्याच मुलांनी उताऱ्यातले शब्द असलेला पण अर्थाने चुकीचा पर्याय निवडला. या मुलांना आणखी व्याकरण शिकवून त्यांचे आकलन सुधारणार नाही, हे मला त्या दिवशी पटले. आपल्याकडे ‘इंग्रजी कच्चे आहे’ असे म्हणून मुलाला काळाच्या आणि प्रयोगाच्या तक्त्यांना जुंपले जाते, आणि त्याचे मूळ दुखणे वर्षानुवर्षे कोणी पाहतच नाही. माझी शिक्षकांना कळकळीची विनंती आहे की इंग्रजी आकलनाची चाचणी घेण्यापूर्वी तशाच स्वरूपाची एक मराठी चाचणी अवश्य घ्यावी.

व्याकरणासाठी सहावा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. या आधी आम्ही मोबाईलवरचे एक ॲप वापरत होतो, ज्यात सुट्या वाक्यांना चार पर्याय असत. त्यात मुले भराभर पूर्ण गुण मिळवत, पण सहाव्या भागात त्याच नियमावर अडखळत. चार पर्यायांपैकी बरोबर शब्द ओळखणे आणि कोऱ्या जागेत तो स्वतः आठवून लिहिणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत, शिवाय चार पर्यायांत अंदाजालाही चारात एक संधी मिळतेच. उपपदे, शब्दयोगी अव्यये, सहायक क्रियापदे, संबंधी सर्वनामे आणि उभयान्वयी अव्यये यांची कसोटी येथे सलग उताऱ्यात लागते, त्यामुळे मागचे-पुढचे वाक्य वाचल्याखेरीज उत्तर मिळत नाही.

चुकांचा नमुनाही या भागातून उघड होतो. ‘मी दोन वर्षांपासून इथे राहतो’ हे आपले वाक्य वर्तमानकाळी असल्यामुळे मुले इंग्रजीतही साधा किंवा चालू वर्तमानकाळच वापरतात. तेथे ‘हॅव’ लागते हे त्यांना नियम म्हणून पाठ असते, उताऱ्यात मात्र सुचत नाही. ‘जो माणूस आला, तो माझा मामा’ या जोडरचनेमुळे ‘हू’ लिहूनही पुढे ‘ही’ घालण्याचा मोह होतो. घरी कन्नड बोलणाऱ्या मुलांची चूक वेगळ्या ठिकाणी पडते, कारण कन्नडमध्ये ‘आलेला माणूस’ अशी नामापूर्वी विशेषण ठेवणारी रचना असते आणि त्यांना संबंधी सर्वनामाची गरजच चटकन जाणवत नाही. ‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’ यांच्यासारखी उपपदांची व्यवस्था दोन्ही भाषांत नसल्यामुळे तेथे मात्र सगळेच एका रांगेत येतात. सीमाभागातील वर्गात घरची भाषा विचारून चुकांची नोंद ठेवली, तर शिकवण्याचा बराच वेळ वाचतो.

आता मर्यादा. उत्तरसूचीत अक्षरे आणि शब्द असतात, कारणे नसतात. ती तपासणीसाठी बनवलेली आहे, त्यामुळे शिकवण्याचे काम शिक्षकालाच करावे लागते. आम्ही प्रत्येक प्रश्नावर उरलेले पर्याय का चुकीचे आहेत हे मुलांना मराठीतून सांगायला लावतो. एका प्रश्नपत्रिकेला त्यामुळे आठवडा लागतो, पण त्या चर्चेशिवाय चाचणी घेण्यात मला अर्थ वाटत नाही. वेळेचे बंधन सुरुवातीला पाळू नये. प्रथमच घड्याळ लावले तर मुले चौथ्या भागापाशी थांबतात आणि सर्वांत उपयोगी असा सहावा भाग कोराच राहतो.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. सुट्ट्या, छंद, मित्रांचे निरोप, खेळ अशा विषयांवरचे बी १ चे उतारे उत्तम असले, तरी पी.यू.सी.च्या विज्ञानाच्या पुस्तकातील इंग्रजी वेगळे असते. तेथे व्याख्या असतात, कर्मणी प्रयोग असतो, एका वाक्यात दोन-तीन अटी गुंफलेल्या असतात. बी १ ला चांगले गुण मिळाले म्हणून मूल ते पुस्तक वाचू शकेल, असे गृहीत धरता येत नाही. यासाठी मी डब्ल्यू. एल. टेलर यांनी 1953 साली मांडलेल्या गाळलेल्या शब्दांच्या पद्धतीचा आधार घेतला. तिचा मूळ हेतू मजकूर वाचकाला किती सुगम आहे हे मोजण्याचा होता, आणि आमची गरजही तीच होती. पी.यू.सी.च्या पुस्तकातील एक परिच्छेद घेऊन पहिले वाक्य तसेच ठेवायचे आणि पुढे दर सातवा शब्द, मग तो कोणताही असो, गाळायचा. मुलाने ‘ऑफ’ आणि ‘द’ भरले पण नामे आणि क्रियापदे रिकामी सोडली, तर व्याकरण शाबूत असून विषयाचे शब्द नाहीत असे समजावे. उलट झाले तर उलट. हा परिच्छेद बी १ च्या प्रश्नपत्रिकेनंतर त्याच आठवड्यात दिला की दोन्हींतील अंतर लगेच दिसते.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी ‘ए २ की’पासून सुरुवात करावी. तिच्या वाचनाच्या पाच भागांत 30 प्रश्न आहेत आणि सरावात 20 गुण म्हणजे ए २ पातळी. तेथे स्थिरावलेल्या मुलालाच बी १ द्यावी, नाहीतर ते निष्कारण नाउमेद होते. प्रश्नपत्रिकांची संख्या मर्यादित असल्यामुळे एकाच महिन्यात सगळ्या संपवू नयेत. छापताना उत्तरसूची वेगळी काढून स्वतःजवळ ठेवावी, आणि बी १ च्या सहाव्या भागाचे उत्तर मुलाने खोडून बदलले असेल तर खोडलेला शब्दही वहीत नोंदवावा, कारण त्याच्या मनात कोणत्या दोन रचनांची गल्लत होते ते त्या खोडलेल्या शब्दावरूनच कळते.