लाकडावरची शेगडी आणि तिची चिमणी: अख्खा हिवाळा वापरल्यानंतर

शेगडीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. जाड पत्र्याची पेटी, काचेचं दार, हवा कमीजास्त करायचा खटका. ऊब भरपूर देते, राख सहज काढता येते. लिहायचं आहे ते तिच्यावरच्या नळीबद्दल, कारण या काही महिन्यांत जे बरं-वाईट अनुभवलं त्याचं मूळ बहुतेक वेळा नळीतच सापडलं. शेगडी घेताना सगळे किलोवॅट विचारतात. धूर गरम असतानाच छपराबाहेर पडणार का, हे कोणी विचारत नाही.

आमच्या शेगडीचं तोंड १५० मिलिमीटरचं आहे आणि वरच्या टोकापर्यंत नळी त्याच मापाची आहे. तोंडापेक्षा अरुंद नळी लावली तर धूर खोलीत येतो. फार रुंद लावली तर तो रेंगाळतो आणि वाटेतच निवतो. जुनं विटांचं ऐसपैस धुरांडं असलं तरी त्यात स्टेनलेस स्टीलची लायनर, म्हणजे योग्य मापाची आतली नळी, सोडतात, ती याचसाठी. खोलीत दिसणारा भाग एकेरी पत्र्याचा आणि छतापासून वर दुहेरी भिंतीची, मध्ये इन्सुलेशन असलेली नळी, अशी आमची रचना आहे.

नळी भिंतीतून बाहेर काढून घराच्या कडेने वर न्यावी, असं बसवणाऱ्याचं मत होतं. काम सोपं, छपराला भोक नाही. आम्ही घरातूनच वर नेली आणि तो निर्णय पूर्ण वसूल झाला. धूर वर चढतो तो आतली हवा गरम आणि हलकी असते म्हणून. नळी जितकी उंच आणि आत-बाहेरच्या तापमानात जितका फरक, तितकी ओढ, म्हणजे धूर वर खेचला जाण्याचा जोर, जास्त. बाहेरून नेलेली नळी कडाक्याच्या थंडीत गारठून बसते आणि सकाळी पेटवताना धूर उलटा येतो. आमची घराच्या उबेतच असल्यामुळे ओढ लगेच धरते. छपरातून गळती होईल ही भीती होती, पण भोकाभोवतीचा पत्रा आणि कॉलर नीट बसवली असल्याने अजून थेंब आलेला नाही.

उंचीबद्दल ब्रिटनमधल्या मार्गदर्शनात शेगडीपासून टोकापर्यंत साधारण ४.५ मीटर पुरेसे मानतात. अमेरिकेत दुसरा हिशेब आहे: नळी छपरातून जिथे बाहेर पडते तिथून किमान ३ फूट वर, शिवाय १० फुटांच्या आत छपराचा जो काही भाग येईल त्याच्यापेक्षा २ फूट उंच. उतरत्या छपरावर दुसरी अटच जड जाते. आम्हाला तिच्यापायी एक तुकडा वाढवावा लागला आणि खालून बघताना ते प्रकरण अगदीच ध्यान दिसतं. पण वारा कुठूनही आला तरी छपरावरून घसरून नळीत शिरत नाही, म्हणून दिसण्याची तक्रार मागे घेतली आहे. वासा चुकवायला दोन बाक घ्यावे लागले, दोन्ही ४५ अंशांचे. काटकोनी एल्बो कुणी सुचवला तर नकार द्या. ओढ तिथेच मरते आणि काजळीही तिथेच साठते.

आता अंतरं. एकेरी नळीपासून लाकूड, पडदा, प्लायवूड असं पेटणारं काहीही १८ इंच लांब हवं, हा अमेरिकी नियम. ब्रिटिश नियम नळीच्या व्यासाच्या तिप्पट सांगतो, म्हणजे आमच्या मापाला ४५० मिलिमीटर. दोन्हींचं उत्तर जवळपास एकच. दुहेरी नळीसाठी मात्र कंपनीने चाचणी करून दिलेलं अंतरच पाळायचं, आणि म्हणूनच एका कंपनीच्या नळीत दुसऱ्या कंपनीचा तुकडा जोडायचा नाही. छतातून जाताना नळीभोवती जी पोकळी सोडतात ती पोकळीच राहू द्या. ‘थंडी येते’ म्हणून तिच्यात इन्सुलेशन कोंबलं की उष्णता अडकून आजूबाजूचं लाकूड तापत राहतं. सांधा छताच्या जाडीत येऊ देऊ नका. आणि एकेरी नळीच्या सांध्यात वरच्या तुकड्याचं टोक खालच्याच्या आत खोचलेलं हवं. उलटं केलं तर ओघळणारं डांबरासारखं काळं पाणी बाहेरच्या अंगाने शेगडीवर उतरतं.

हे काळं म्हणजे क्रिओसोट. धूर साधारण १२० अंश सेल्सिअसच्या खाली निवला की ते नळीच्या आत जमायला लागतं, आणि ते पेटलं तर नळीतलं तापमान १००० अंशांच्या घरात जाऊ शकतं. रात्री हवा पार बंद करून लाकूड सकाळपर्यंत धुमसत ठेवायची सवय त्याला खतपाणी घालते. आम्ही नळीवर तापमापक लावला आहे आणि काटा योग्य तापमानाच्या पट्ट्यातून खाली उतरला की हवा उघडतो. लाकूड २० टक्क्यांपेक्षा कमी ओलाव्याचं. ओंडका फोडून ताज्या फोडीवर मीटर लावा, वरची साल नेहमीच कोरडी दाखवते. हंगाम संपल्यावर ब्रश फिरवला तेव्हा खालच्या भागातून भुरकट कोरडी पूड निघाली. चकाकणारा काळा थर फक्त टोपीजवळ होता, म्हणजे नळी जिथे सर्वांत थंड असते तिथे. साफसफाई वर्षातून किमान एकदा हवीच. रोज पेटवत असाल तर हंगामाच्या मध्येही एकदा.

न आवडलेल्या गोष्टी दोन. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा जोरात लावला की तो खोलीतली हवा खेचतो आणि शेगडीचं दार उघडताच धूर अंगावर येतो. घट्ट बंद खिडक्यांच्या घरात शेगडीसाठी बाहेरून हवेचा स्वतंत्र मार्ग आधीच ठेवावा, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म त्याच खोलीत लावावा. त्या वायूला वास नसतो, त्यामुळे नाकावर विसंबता येत नाही. दुसरी गोष्ट पक्षी येऊ नयेत म्हणून टोपीला लावलेली बारीक जाळी. ती काजळीने बुजते आणि ओढ हळूहळू मंदावते, इतकी हळू की लाकडालाच दोष दिला जातो. पुढच्या थंडीआधी तिथे मोठ्या भोकांची जाळी बसवणार आहोत. नळीत बाकी काही बदलायचं नाही.