इशापूरची .३१५ रायफल: पाटणच्या डोंगराला आणि जतच्या माळाला कितपत पुरते

लांब पल्ल्याची बोल्ट रायफल (प्रत्येक गोळीनंतर हाताने खिटी, म्हणजे बोल्ट, मागेपुढे करायची रायफल) घ्यायची म्हटलं की आपल्याकडे बोलणं सुरू होतं ते पल्ल्यावरून. खरं तर ते परवान्यावरून सुरू व्हायला हवं. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, आधी तीन चालायची. घरात वडिलोपार्जित बारा बोर असेल तर एक जागा आधीच भरलेली. उरलेल्या एका जागेत चुकीची रायफल आली तर ती विकून दुसरी घेण्यात कागदपत्रांचे किती हेलपाटे होतात, हे ज्याने ते केलंय त्यालाच विचारा.

शिकारीचंही आधीच स्पष्ट असू दे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा आहे आणि १९९१च्या दुरुस्तीपासून हौसेची शिकार पूर्ण बंद आहे. पिकात घुसणाऱ्या रानडुकरासाठी वनखात्याकडे अर्ज करून लेखी परवानगी मिळाली, तरच त्या परवानगीतल्या अटींपुरती गोळी चालते. शस्त्र परवाना खिशात आहे म्हणून ती परवानगी आपोआप मिळत नाही. गवा आणि बिबट्या त्या कायद्याच्या अनुसूची एकमध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहेत. पाटण, जावळी, शिराळ्यात गव्याने कितीही नुकसान केलं तरी मार्ग पंचनाम्याचा आणि भरपाईचा, रायफलचा नाही. शस्त्र कायद्याचं कलम १३ही वाचून ठेवा. पीकसंरक्षणासाठी ते आधी ठासणीची बंदूक सुचवतं, ती अपुरी पडत असेल तर दुसरी बिनआट्यांची (आतून गुळगुळीत नळीची) बंदूक. रायफल त्या यादीत नाही. तिच्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयाला सबळ कारण पटवून द्यावं लागतं, म्हणून अर्जात ‘शेती आहे’ एवढंच लिहून भागत नाही. जमीन कुठे, डोंगरउताराची की माळाची, नुकसानीचे पंचनामे किती, हे सगळं जोडा.

आता रायफलकडे वळू. पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनणारी .३१५ स्पोर्टिंग रायफल ही नव्याने घेणाऱ्यासाठी आपल्याकडची सर्वांत सहज मिळणारी बोल्ट रायफल. ऑक्टोबर २०२१पासून हा कारखाना कानपूरच्या ‘ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया’ या सरकारी कंपनीखाली आला. नाव बदललं, रायफल तीच आहे. रचना जुन्या ली-एनफिल्डची, मॅगझिन पाच काडतुसांचं. हा विचित्र बोअर (नळीचं माप) कुठून आला, असं नवखे विचारतात. इंग्रजांच्या काळात लष्कराचा .३०३ बोअर सामान्य माणसाला मना होता. मग तीच रायफल वेगळ्या बोअरमध्ये बनवली आणि त्यासाठी ऑस्ट्रियाच्या ८ मिलिमीटर मॅनलिकर काडतुसाचा आधार घेतला. आजही .३०३ आणि ७.६२ हे लष्करी बोअर प्रतिबंधित आहेत. म्हणून परदेशी व्हिडिओ बघून .३०८च्या मागे लागू नका, ते ७.६२चंच नागरी रूप आहे.

हिची ताकद आणि मर्यादा दोन्ही काडतुसात आहेत. गोळी जड, २४४ ग्रेन म्हणजे जवळपास १६ ग्रॅम, आणि वेग नळीच्या तोंडाशी सेकंदाला सुमारे ६०० मीटर. जड गोळी जवळून चांगलं काम करते, पण लवकर खाली येते. रायफल १०० मीटरवर शून्य केली असेल, म्हणजे त्या अंतरावर नेम धरला तिथेच गोळी लागेल अशी जुळवली असेल, तर १५० मीटरवर गोळी अंदाजे १२ सेंटीमीटर खाली लागते आणि २०० मीटरवर ३० ते ३५ सेंटीमीटर. रानडुकराच्या छातीतली मर्माची जागा जेमतेम वीतभर असते. म्हणजे १५० मीटरच्या पुढे तुम्ही अंदाजाने वर नेम धरताय. अंदाज चुकला की जनावर जखमी होऊन झाडीत शिरतं, आणि जखमी डुकराच्या मागे झाडीत जाणं हे माणसाच्या जिवावर बेतणारं काम आहे. .३१५ची प्रामाणिक मर्यादा १५० मीटर. दुकानदार ३०० सांगेल, तो आकडा गोळी किती लांब पोचते त्याचा आहे.

.३०-०६ (बोलताना ‘थर्टी-ओ-सिक्स’) हा दुसरा पर्याय. अमेरिकेत १९०६ साली आलेला बोअर, आपल्याकडे प्रतिबंधित नाही. १८० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे ८२० मीटर वेगाने निघते. १०० मीटरवर शून्य केली तर २०० मीटरवर १० ते १२ सेंटीमीटरच खाली. कागदावर सरळ सरळ सरस. पण तिला दुर्बीण हवी, नाहीतर हा सरसपणा वाया जातो. धक्का जास्त बसतो. आणि मुख्य म्हणजे काडतुसं. पैसे देण्याआधी तुमच्या नेहमीच्या विक्रेत्याला फोन करून विचारा: .३०-०६ची सॉफ्ट नोज (मऊ टोकाच्या गोळीची) काडतुसं आज दुकानात किती आहेत? ‘मागवून देतो’ असं उत्तर आलं तर .३१५ घ्या. .३१५चं काडतूस खडकीच्या दारूगोळा कारखान्याचं, बुडावर ‘केएफ’ ही खूण असते. साताऱ्याहून खडकी शंभरेक किलोमीटरवर, आणि या भागातल्या विक्रेत्यांकडे तो माल तुलनेने सहज असतो. ज्या रायफलीने वर्षाला वीस गोळ्या रेंजवर झाडता येतात ती, गोळ्या जपून कपाटात ठेवलेल्या भारी रायफलीपेक्षा नेमाला बरी.

जुन्या परदेशी रायफली, बीएसए, मॉझर, ब्रनो, अजून घरोघरी निघतात. पोलादाचं काम बघून मन मोहरतं हे खरं. पण .२७५ किंवा .३७५सारख्या बोअरचं एक-एक काडतूस शोधायला लागतं. शस्त्रसंग्रहासाठी ठीक, शेतासाठी नको.

ऊसपट्ट्यातल्या लोकांसाठी मात्र सल्ला वेगळा आहे. कराड, वाळवा, पलूस, कृष्णाकाठ: इथे रायफल घेऊच नका. उसाच्या फडात दहा पावलांपलीकडे दिसत नाही, ऊस गोळी अडवत नाही, आणि फडाच्या पलीकडे तोडकऱ्यांच्या खोपी असतात. रायफलची गोळी दोन किलोमीटरपेक्षा जास्त जाते. तिथे बारा बोरच बरी. रायफल शोभते ती दोन ठिकाणी. पाटण, ढेबेवाडी, शिराळ्याकडच्या उतारांवर, जिथे मागे डोंगराची माती गोळी पोटात घेते. तिथेही कातळ असेल तर थांबा, आपला काळा बेसॉल्ट गोळी उसळवतो. दुसरं ठिकाण म्हणजे जत, आटपाडी, माणचा माळ. तिथे दिसतं लांबवर, पण मागे काहीच नसतं. म्हणून ताली किंवा बांधाच्या उंचवट्यावर बसून खालच्या दिशेने, जमिनीत गोळी जाईल असाच कोन धरावा लागतो. जतकरांनी परवान्यावरची क्षेत्रमर्यादाही बघावी. महाराष्ट्रापुरता परवाना असेल तर सीमेपलीकडच्या विजयपूर जिल्ह्यातल्या वावरात रायफल नेणं हा गुन्हा होतो, वावर स्वतःचं असलं तरी.

रायफल हातात घेतल्यावर काय बघायचं ते सविस्तर सांगतो, कारण इशापूरच्या मालात एक नग सरस आणि शेजारचा नग ओबडधोबड असं सर्रास असतं. विक्रेत्याकडे असतील तितके नग काढायला लावा. लाज बाळगू नका.

आधी मॅगझिन आणि चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) रिकामं आहे हे डोळ्याने बघा आणि बोटाने चाचपा. मग बोल्ट चार-पाचदा मागेपुढे करा. पुढे ढकलताना शेवटच्या टप्प्यात जोर लागतो. तो दोष नाही, ली-एनफिल्डचा बोल्ट बंद होताना स्प्रिंग ताणतो. दोष असतो तो मधेच खरखरणारा बोल्ट, किंवा दांडी खाली बसताना अडणारा. बोल्टवरचा नंबर आणि बॉडीवरचा नंबर एकच आहे ना, हे नक्की जुळवा. या रायफलीत काडतूस बुडाच्या कडेवर टेकून बसतं, आणि बोल्टचा पुढचा तुकडा वेगळा, बदलता येणारा असतो. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट बसवला असेल तर काडतुसामागे जास्त फट राहते. सेकंडहँड घेताना रेंजवर एक गोळी झाडून रिकामी पुंगळी उजेडात फिरवा. बुडापासून साधारण सेंटीमीटरभर वर चकचकीत कडं दिसलं किंवा बुडातली टोपी (प्राइमर) मागे सरकलेली दिसली, तर व्यवहार तिथेच थांबवा. पुंगळी तिथून फाटायच्या बेतात असते आणि फाटली की तापलेला वायू चेहऱ्याकडे येतो.

नळी बघायला बोल्ट काढा, चेंबरच्या बाजूला पांढरा कागद धरा आणि तोंडाकडून बघा. आटे शेवटपर्यंत धारदार दिसायला हवेत. मध्येच गोल सावलीचं कडं दिसलं तर नळी तिथे फुगली आहे. पाणी किंवा चिंधी अडकलेली असताना बार काढला की असं होतं. तोंडाच्या काठावरून नखाने फेरी मारा, एखादा ओरखडा नखाला लागला तरी गोळी एका बाजूला ओढली जाते. जुन्या रायफलींत ही झीज बहुतेक वेळा तोंडाकडून सळई घालून साफ केल्याने होते. बोल्ट काढून मागून साफ करायची सवय लावा.

लाकूड हा इशापूरचा सगळ्यात कच्चा दुवा आहे. कोयनेकडच्या पावसात पुढचं लाकूड फुगतं आणि नळीला एका बाजूने दाबतं. जूनमध्ये जुळवलेला नेम ऑगस्टमध्ये बाजूला जातो. जतच्या उन्हाळ्यात उलटं: लाकूड आटतं, ट्रिगरगार्डचा पुढचा स्क्रू सैल पडतो आणि गोळ्या विखुरतात. नळी आणि लाकूड यांच्यातली फट दोन्ही बाजूंना सारखी दिसते का ते बघा. घेतल्यावर जवसाचं तेल लाकडाच्या आतल्या बाजूलाही पातळ लावा. कारखान्याचं पॉलिश तिथे बहुधा नसतंच. वर्षातून दोनदा तो पुढचा स्क्रू तपासा.

ट्रिगर दोन टप्प्यांचा आहे. पहिला मोकळा, दुसऱ्यावर अडतो आणि मग सुटतो. नव्या नगात दुसरा टप्पा जड आणि खरखरीत असतो. शे-दोनशे कोऱ्या चापांनी थोडा मऊ होतो, मात्र त्यासाठी चेंबरमध्ये डमी काडतूस हवं. कानशीने घासून हलका करून देणारे कारागीर भेटतात, त्यांच्या नादी लागू नका. बंद बोल्टच्या मागे दांडीवर थाप मारून बार सुटत नाही ना, ही चाचणी मात्र रिकाम्या रायफलीवर नक्की करा.

मॅगझिन भरण्यात एक खोच आहे, आणि ‘रायफल जाम होते’ अशा बऱ्याच तक्रारींचं मूळ तिच्यात असतं. या काडतुसाच्या बुडाला कड आहे. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या पुढे बसली पाहिजे. मागे बसली तर बोल्ट वरचं ढकलतो, ते खालच्याला अडकवतं आणि दोन्ही तिरकी होऊन रुततात. भरताना प्रत्येक काडतूस मागच्या भिंतीला न टेकवता किंचित पुढे ठेवून दाबा. एवढं जमलं की ही रायफल क्वचितच अडते.

नेम जुळवणं परवानगी असलेल्या रेंजवरच. पोत्यावर टेकवून तीन गोळ्यांचा गट मारा, नळी निवू द्या, मग पुढचा गट. उघड्या साइटवर १०० मीटरला १० सेंटीमीटरच्या आत गट आला तर नग चांगला आहे. गोळ्या उजवीकडे लागत असतील तर पुढची साइटही उजवीकडेच सरकवायची, खाली लागत असतील तर ती बुटकी करायची. हिशोब सोपा आहे. दोन साइटमध्ये ५० सेंटीमीटर अंतर असेल तर पुढची साइट एक मिलिमीटर हलवल्यावर १०० मीटरवर गोळी २० सेंटीमीटर सरकते. म्हणून हातोडीचा एकच हलका ठोका, मग गट. कानस लावताना तर आणखी जपून, घासलेलं परत येत नाही.

.३१५वर दुर्बीण बसवायचा मोह होतो. बॉडीला छिद्रं पाडून आटे मारावे लागतात. वर दस्त्याची कड खाली असल्याने गाल टेकत नाही आणि डोकं हवेत राहतं. १५० मीटरच्या कामाला ती यातायात नको. .३०-०६वर मात्र दुर्बिणीचं बघाच. चार पटींची स्थिर दुर्बीण पुरते. एक क्लिक म्हणजे बहुतेक दुर्बिणींत १०० मीटरवर सात मिलिमीटर. डोळ्यापासून आठ-नऊ सेंटीमीटर अंतर ठेवा, नाहीतर धक्क्याने तिची कड भुवईत बसते.

काडतुसं एकाच लॉटची घ्या. बुडाशी हिरवट गंज किंवा मानेला चीर दिसली तर बाजूला काढा. चाप ओढला आणि बार झाला नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून पूर्ण अर्धा मिनिट थांबा, मगच बोल्ट उघडा.

शेवटचं काम निवडणुकीच्या वेळचं. आचारसंहितेत शस्त्र जमा करायचा आदेश आला की रायफल पोलीस ठाण्यात महिना-दोन महिने पडून राहते, आणि पावसाळा असेल तर तिथे गंज धरतो. देण्याआधी नळीत तेलाची चिंधी फिरवा, बोल्टला तेल लावा. पावतीवर बोल्टचा नंबरही लिहून घ्या. परत घेताना त्याच टेबलावर तो जुळवा, आणि पहिली गोळी झाडण्याआधी नळीतलं तेल कोरड्या चिंधीने पूर्ण पुसून काढा.