पन्नाशीच्या पुढची जिम बॅच, लातूर: चार महिन्यांचा हिशोब

आधीच सांगतो, जिमचं नाव टाकत नाही, कारण खाली तक्रारी बी लिहिल्यात अन मला रोज त्यांच्याच तोंडाकडं बघायचंय. औसा रोडला, दुसऱ्या मजल्यावर, सकाळी ७ ते ८ ची पन्नाशीच्या पुढच्यांची बॅच, सोमवार बुधवार शुक्रवार. महिन्याला ९०० रुपये, तीन महिन्यांचे एकदम भरले तर २४००.

मी रिटायर कंडक्टर, वय ६२. रोज पार्कात तासभर फिरणं चालूच होतं त्यामुळं आपण एकदम फिट अशी पक्की समजूत. ती मोडली निलंग्याकडं एका लग्नात. पंगतीत मांडी घालून बसलो, जेवलो मस्त, अन उठायला गेलो तर उठताच येईना. एक हात जमिनीवर, दुसरा शेजारच्याच्या खांद्यावर, तरी काय बूड वर येईना, शेवटी वाढणाऱ्या पोरानं भाताची बादली खाली ठेवली अन मला बखोट्याला धरून उभं केलं. वर म्हणतो कसा, "मामा, पुढच्या टायमाला टेबलावर बसा." लई लागलं ते.

जिममधे शिकवणारी पोरगी फिजिओथेरपी शिकलेली आहे. पहिल्या दिवशी तिनं वजन बिजन काही उचलू दिलं नाही. भिंतीला टेकवून खुर्ची ठेवली, म्हणली काका हात छातीवर आडवे घ्या अन ३० सेकंदात किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता ते बघू. माझे भरले ९. साठ ते चौसष्टच्या गड्याला १४ च्या खाली अन बाईला १२ च्या खाली आले की पायातली ताकद कमी धरतात म्हणे. मग एका पायावर १० सेकंद उभं राहायचं. ह्यात मात्र मी सगळ्यांच्या पुढं! पाऊण मिनिट हललो नाही. ती बघतच राहिली, म्हणलं बाई, खड्ड्यातनं गाडी चाललेली असताना एका हातात तिकिटाचा ट्रे अन दुसऱ्या हातात पंच धरून वर्षानुवर्षं उभा राहिलोय, दांडीला धरायला तिसरा हात कुठून आणायचा. म्हणजे तोल शाबूत अन मांड्या गेलेल्या, असा निकाल लागला.

मग तिनं समजावून सांगितलं. चालण्यानं दम वाढतो, हृदयाला चांगलं, ते सोडायचं नाहीच, पण त्यात मांडीला नवीन ओझं मिळत नाही. तिशीनंतर दर दहा वर्षाला साधारण ३ ते ८ टक्के स्नायू झिजतात अन साठीनंतर अजून जोरात. काट्यावर वजन तेवढंच दिसतं कारण स्नायू गेलेल्या जागी चरबी येऊन बसते. अन शुगरवाल्यांनी तर हे ऐकाच, जेवणातली साखर साठवायचं शरीरातलं सगळ्यात मोठं बळद म्हणजे हे स्नायू, बळदच लहान झालं तर धान्य अंगणातच पडून राहणार की.

१० हजार पावलांचं पण तिनंच सांगितलं. पोरानं मला घड्याळ घेऊन दिलंय, त्यात १० हजार झाले नाहीत की मी रात्री गच्चीवर चकरा मारायचो. तर तो आकडा १९६५ ला जपानमधे पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं त्याच्या नावातनं आलेला आहे! आता साडेसहा-सात हजारावर निवांत झोपतो.

व्यायाम म्हणाल तर साधाच आहे. खुर्चीवरनं ऊठबस, भिंतीला जोर, रबरी पट्टा ओढणं, टाचा वर उचलणं, मग हळूहळू डंबेल. श्वास कोंडून वजन उचलायचं नाही, बीपी झटकन चढतं, ह्यावर ती लई ओरडते. आमच्यात एक ७१ वर्षांच्या मावशी आहेत, नऊवारीवर स्पोर्ट शूज घालून येतात, २ किलोच्या डंबेलपासनं चालू केलं, आता दोन्ही हातात ५-५ किलो. कुणी म्हणलं आता ह्या वयात कशाला, तर आमची मास्तरीण बोस्टनचं सांगते. १९९० साली तिथल्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या १० जणांना ८ आठवडे पायाचा वजनाचा व्यायाम दिला तर पायाची ताकद पावणेतीनपट झाली. मावशी म्हणतात मंग मी तर पोरगीच हाय.

आता तक्रारी. म्हाताऱ्यांची बॅच अन लिफ्ट नाही, जिन्याला एका बाजूला कठडाच नाही, हे कुणाच्या डोक्यातनं निघालं देव जाणे. फॉर्म भरताना बीपी, शुगर, ऑपरेशन काही विचारत नाहीत, फक्त फोन नंबर अन पैसे, तुम्ही आपणहून सांगा अन डॉक्टरला विचारूनच जा. सगळ्यात बेकार म्हणजे ती पोरगी सुट्टीवर असली की दुसरा एक पोरगा येतो, त्यानं मला पायाच्या मशीनवर एकदम दुप्पट वजन लावून दिलं, "होतंय काका होतंय" करत. गुडघा ५ दिवस टम्म फुगलेला, बायकोचे बोलणे वेगळेच. शिवाय काऊंटरवाला पावडरचा डबा गळ्यात मारायला बघायलाय, अडीच हजाराचा. मी अंडी, दही अन हुलग्याच्या माडग्यावर आहे, ठीक चाललंय. गाणी तर इतक्या मोठ्यानं लावतात की मोजलेले आकडे चुकतात.

५ पैकी साडेतीन स्टार. परवा पुन्हा खुर्चीची चाचणी घेतली, १४ भरले, पंधराव्याला अर्ध्यात शिट्टी वाजली. पुढच्या महिन्यात औराद शहाजानीला मुंज आहे, पंगत खालीच बसणार आहे असं कळलंय. जाणाऱ्यांनी फक्त त्या दिवशी ती पोरगी आहे का ते फोन करून विचारा, अन जिन्यात भिंतीच्या कडंनं चढा.