गोव्याची वास्को द गामा टपाल तिकिटं: 1898 ची की 1913 ची?

पोर्तुगीज इंडियाची, म्हणजे गोव्यासह भारतातल्या पोर्तुगीज मुलखाची, ही टपाल तिकिटं संग्रहासाठी घ्यायची तर दोन पर्याय आहेत. 1898 चा मूळ सेट म्हणजे गामाच्या सफरीला 400 वर्षं झाली तेव्हाचा, एकूण 8 तिकिटं, दीड रेइसपासून 8 टांगांपर्यंत (रेइस आणि टांगा ही तिथली तेव्हाची नाणी), छपाई लंडनच्या वॉटरलो या छपाई कंपनीची आणि कोरीवकाम इतकं बारीक की भिंग घेऊन बसलं की उठवत नाही. साडेचार रेइसच्या लाल तिकिटावर गामा केरळातल्या कालिकतला उतरतोय, आणि बघा हं, गोव्याच्या तिकिटावर कालिकत, कारण 1498 मध्ये गामा तिकडेच पोचला होता, गोवा पोर्तुगीजांनी घेतलं ते 1510 मध्ये, अल्बुकर्कने.

1913 चा सेट म्हणजे हीच तिकिटं, फक्त वर 'रिपब्लिका' म्हणजे प्रजासत्ताक असा छाप मारलेला. 1910 मध्ये पोर्तुगालमध्ये राजेशाही गेली ना, म्हणून. चित्र बघायचं असेल तर हा छाप मध्ये येतो, खरंय, आणि छापवाली तिकिटं घेताना नकली छापाची भीती असतेच, त्यामुळे नवीन माणसाने आधी 1898 चाच सेट घ्यावा. पण मला विचाराल तर जीव 1913 वरच जडलाय, एका इवल्याशा कागदावर गामाची सफरही आहे आणि राजा गेल्याची खूणही.