जुन्या बोलेरो पिकअपसाठी तांब्याची विणलेली अर्थ पट्टी

इंजिन आणि चासी (गाडीचा लोखंडी सांगाडा) जोडून करंटला बॅटरीकडे परतायची वाट देणारी ही पट्टी चांगली आहे, जरूर घ्यावी. कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची वेणी, 25 चौरस मिमी, दोन्ही टोकांना 8 मिमी भोकाचे दाबून बसवलेले लग (बोल्टखाली आवळायची धातूची टोकं). इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं, म्हणून इंजिन ते चासी या जागी अशी लवचिक वेणीच टिकते. लांबी मात्र 30 सेंमीच आहे. जागा मोजून मगच मागवा. ताणून बसवली तर लगपाशीच तुटते.

नुसती पट्टी बदलून भागत नाही. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. लग टेकतो तिथला रंग, गंज 80 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, चकचकीत लोखंड दिसलं पाहिजे. दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावा. रंगावरच लग आवळणं ही नेहमीची चूक, नवी पट्टीही तिथे वाया जाते.

तपासताना बॅटरीची निगेटिव्ह परत जोडा आणि मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं इंजिन ब्लॉकवर. सेल्फ मारताना 0.2 व्होल्टच्या आत हवं. 0.5 दिसलं तर अर्थिंग गेलंय. तेव्हा सेल्फचा करंट अ‍ॅक्सिलरेटर केबलमधून वाट काढतो आणि केबल तापून जळू शकते.

केबिनच्या अर्थिंगसाठी वेगळी वायर लागते, ती पाकिटात नाही.