आयव्हर्सनचा रीबॉक क्वेश्चन: मुंबईत खेळायला घ्यावा का?
बास्केटबॉलपटू ॲलन आयव्हर्सन १९९६ साली एनबीएत (अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये) आला तो हाच बूट घालून. मार्च १९९७मध्ये मायकेल जॉर्डनला क्रॉसओव्हरने (चेंडू झटकन एका हातातून दुसऱ्या हातात टप्पा देत) चकवलं, तेही यातच. लाकडी कोर्टवर हा बूट आजही चालेल. मधमाशीच्या पोळ्यासारखं हेक्सालाइट (सोलमधली गादी) टाचेचा धक्का सोसतं, पण आताच्या फोमपुढे कडकच. नागपाड्यातल्या उघड्या कोर्टवर मात्र तळाला धूळ चिकटते आणि दिशा बदलताना पाय सरकतो. दर ब्रेकला ओल्या फडक्याने तळ पुसा. पावसाळ्यात खोक्यात कोंबून ठेवलात तर दमटपणाने सोल्यूशन सुटून सोल उकलतो. वाळवायचा तो पंख्याखाली, आत वर्तमानपत्राचे बोळे घालून, उन्हात नाही. चपळ गार्डला (चेंडू खेळवत नेणाऱ्या खेळाडूला) जडच वाटेल. जीन्सवर झकास!